फाटकवाल्या काकाजींचं इंजिन

काकींनी हिरवा ब्लाउजपीस हलवून दाखवल्याशिवाय काकाजी अंगणातून कार बाहेर काढत नसत. काकी स्वयंपाकात असोत की शेजारणीशी बोलत उभ्या असोत, काकाजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत शांत बसून राहायचे. हॉर्न वाजवायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. शेवटी काकीच ओले हात पदराला पुसत बाहेर यायच्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायच्या, दाराजवळच्या खिळ्यावरून तो ब्लाउजपीस काढायच्या आणि एकदा हलवायच्या. मग काकाजी कार 'सोडायचे'. हा त्यांचाच शब्द. कार ते चालवत नसत, सोडत असत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी धार्मिक असेल. विचारायचा धीर झाला नाही. नंतर काकींनीच सांगितलं, "धार्मिक कायचं वं! फाटकावर नोकरी केली जिंदगीभर. रिटायर झाले, पण फाटक डोक्यातून निघालं नाही."

काकाजी रेल्वेत गेटमन होते. गोंदियाहून अर्जुनीकडे जाणाऱ्या लाईनवर एका फाटकावर त्यांची बरीच नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं. मुलगा रायपूरला नोकरीला, म्हणून मागची खोली रिकामी होती. ती मी भाड्याने घेतली. माझं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. घरी धानाची शेती, आणि कॉलेजचं तोंड पाहिलेली घरातली मी पहिलीच. बाबा मला घेऊन खोली बघायला आले तेव्हा त्यांनी पाणी कसं आहे, वस्ती कशी आहे, सगळं विचारलं. काकाजींनी उलट एकच प्रश्न विचारला.

"पोरगी टायमावर उठते काय?"

"उठते जी," बाबा म्हणाले.

"मंग राहू द्या."

माझं गाव कोणतं हे कळल्यावर ते खूश झाले. "तुह्या गावच्या माणसायनं माह्या फाटकावर गंज शिव्या देल्ल्या," असं त्यांनी मला अगदी आपुलकीनं सांगितलं.

आता मी एम.ए.साठी नागपूरला आहे. इथल्या मैत्रिणींना मी काकाजींबद्दल सांगते तेव्हा त्यांना वाटतं, मी थोडं वाढवून सांगते. मला वाढवून सांगता येत नाही. उलट काही गोष्टी मी कमी करूनच सांगते.

उदाहरणार्थ, उघडं फाटक. रेल्वेचं फाटक बंद असलं की सगळेच थांबतात. काकाजी उघड्या फाटकापाशीही थांबायचे. कारमधून उतरून रुळांपर्यंत चालत जायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, कान देऊन ऐकायचे आणि मग परत येऊन कार सोडायचे. मागे ट्रकवाले बोंबलायचे, "अंकल, फाटक खुला है!"

"फाटक बोला खुला है," काकाजी मागे वळून शांतपणे म्हणायचे. "पटरी ने बोला क्या?"

रस्त्यात ते कोणासाठीही थांबायचे. शेळी आली, थांबले. सायकलवाला पोरगा दुरून येताना दिसला, थांबले. एकदा एक कोंबडी रस्त्याच्या मधोमध उभी राहून विचार करत होती, तिचा विचार पूर्ण होईपर्यंत आम्ही थांबलो. हॉर्न त्यांना आवडायचा नाही. हॉर्न म्हणजे गाडीनं दिलेली शिवी, असं ते म्हणायचे. मला कॉलेजपर्यंत सोडतो म्हणाले की मी घाबरायचे, कारण सायकलनं मी वेळेवर पोहोचायचे आणि कारनं पहिला तास बुडायचा.

"काकाजी, इतकं काऊन थांबता जी?" एकदा मी विचारलंच.

"जिंदगीभर लोकायले थांबवलं, बाई. आता माही पाळी."

कार त्यांनी निवृत्तीनंतर घेतली आणि मगच चालवायला शिकले. शोरूममध्ये त्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतली. म्हणजे कंपनीची नेहमीची हमी संपल्यावर पुढची काही वर्षं इंजिन त्याच्यातल्याच दोषानं बिघडलं, तर दुरुस्ती कंपनीकडे. ती घेण्याचं कारण काकी हसत हसत सांगायच्या. शोरूममधल्या मुलीनं बराच वेळ समजावून सांगितलं होतं. बाहेर आल्यावर काकींनी विचारलं, "समजलं काय तुमाले?"

"नाही."

"मंग घेतली कायले?"

"येवढी लहानशी पोट्टी, घसा कोरडा होईपर्यंत सांगून राहिली. तिले नाही कसं म्हनाचं?"

पण फुलचूरमध्ये काकाजींची खरी ओळख वेगळीच होती. ते आपली कार नवरदेवासाठी द्यायचे. फुकट. कोणाचंही लग्न असो, ओळखीचा असो की नसो, निरोप आला की काकाजी कार धुऊन तयार. चालवणार मात्र स्वतःच. पैसे घ्यायचे नाहीत. लग्नघरी टोपी-दुपट्टा आणि नारळ देतात तेवढा घ्यायचे. त्या दुपट्ट्यांनी काकींची एक पेटी भरली होती. त्यांतून त्यांनी उशांच्या खोळी शिवल्या, पडदे शिवले. माझ्या खोलीच्या खिडकीलाही तसलाच पडदा होता.

लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला निवडणुकीला उभं राहायचं असेल. कोणी म्हणायचे, जेवणाची हौस. काकाजी कोणालाच काही सांगत नसत.

तर त्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याच फुलचूरच्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मुलाचं लग्न होतं. त्याच्या वडिलांचा धान खरेदी-विक्रीचा धंदा. नवरी जवळच्याच नागरा गावची. काकी आणि मीही वरातीत होतो.

नवरदेवाच्या मित्रांनी सकाळीच कार सजवायला घेतली होती. त्यांनी झेंडूची फुलं एका जाळीत ओवून ती जाळी कारच्या तोंडावर घट्ट बांधली. दिवे तेवढे दिसत होते. समोरून बघितलं तर कार नव्हतीच, झेंडूचा ढीग चालत येत होता. फोटोत फार छान दिसत होतं, हे मला कबूल करायला हवं. कारच्या तोंडाच्या जाळीतूनच इंजिनाला वारा लागतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही आलं नाही.

ऊन म्हणजे काय ऊन! पुढे धुमाल, म्हणजे गाडीवर बसवलेला आमच्याकडचा दणदणीत बँड. त्याच्यापुढे नाचणारी पोरं. त्यांच्यामागे मुंगीच्या चालीनं कार आणि आत शेरवानी घातलेला नवरदेव, म्हणून एसी पूर्ण चालू. नागऱ्याच्या महादेवाच्या देवळाकडून वरात मंडपाकडे वळली आणि कार थांबली.

कोंबडी आली असेल म्हणून मी पुढे गेले.

"काय झालं काकाजी?" नवरदेवाचा मामा खिडकीशी वाकून विचारत होता.

"लाल."

"काय लाल?"

"दिवा."

स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमध्ये इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला होता. काकाजींनी त्याच क्षणी कार बंद करून किल्ली काढली होती.

"अहो, मंडप दिसून राहिला समोर! येवढं न्या, मंग पाहू."

"लाल म्हंजे लाल."

"मुहूर्त टळून राहिला ना बापा!"

"टळू द्या."

"म्हातारबुवा, चालवता का नाही?"

काकाजींनी किल्ली खिशात घातली, खाली उतरले, कारच्या समोर गेले आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ वर करून उभे राहिले. धोका असला की गेटमन आगगाडीला असंच थांबवतो, हे मला नंतर कळलं. पण समोरून काहीच येत नव्हतं. थांबलेल्या आपल्याच कारला ते थांबवत होते. धुमालवाल्यांना वाटलं, काकाजी नाचायला लागले. त्यांनी आवाज वाढवला.

तेवढ्यात फुलांमधून वाफ यायला लागली. शिजलेल्या झेंडूचा वास मी आयुष्यात तेवढा एकदाच घेतला आहे.

शेवटी नवरदेवाला धुमालच्या गाडीवर चढवलं. मोठमोठ्या भोंग्यांच्या मध्ये, कानांत बोटं घालून तो आपल्या लग्नाला गेला. काकाजी कारपाशीच थांबले. काकींनी जेवणाचं ताट आणून दिलं, पण त्यांनी बुंदीसुद्धा खाल्ली नाही. "आता गाडी कोणाले देनार नाही," एवढंच म्हणाले.

कार ओढत सर्व्हिस सेंटरला नेली. मेकॅनिकनं इंजिन उघडून सांगितलं, की इंजिनाला वारा घालणाऱ्या पंख्याची मोटर जळली, त्यामुळे इंजिन तापलं, हेड वाकलं, गॅस्केट गेलं. बरंच काही बदलावं लागणार. खर्च ऐकून काकी खुर्चीवर बसल्या. पेन्शनमधून ते होणारं नव्हतं. कंपनीनं वॉरंटीत मान्य केलं तर कार वाचणार, नाहीतर भंगारात जाणार, इतकं सरळ होतं.

वॉरंटीचं पुस्तक इंग्रजीत होतं. काकाजींनी ते माझ्या हातात दिलं. "तू कालेजची हायेस."

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तसं म्हणवेना. मी मोबाइलमध्ये शब्द शोधत शोधत दोन दिवस ते वाचलं. जे समजलं ते असं: पंख्याची मोटर आपोआप बिघडली असेल आणि त्यामुळे इंजिन गेलं असेल, तर कंपनी देईल. दिवा लागल्यावरही कार चालवली असेल, तर देणार नाही. कार भाड्यानं दिली असेल, तर मुळीच देणार नाही. फुलांबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

मग हेल्पलाइनला फोन. आधी बराच वेळ संगीत वाजलं. मला वाटलं, काकाजी वैतागतील. ते खुर्चीत ताठ बसून, मोबाइल दोन्ही हातांनी धरून ऐकत होते, जणू साहेबच बोलत होता. शेवटी एक मुलगी आली. तिनं सगळं लिहून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला. काकाजींनी तो एकेक आकडा सुटा करून परत म्हणून दाखवला. मग म्हणाले, "अब मेरा लिखो. बयालीस."

"जी? ये क्या है सर?"

"प्रायव्हेट नंबर. आपने दिया, मैंने दिया. अब बात पक्की."

फाटकावर स्टेशनमास्तरशी बोलणं झालं की दोघं एकमेकांना असा नंबर देतात, दोघांच्याही वहीत तो चढतो, आणि मग त्या बोलण्यावरून कोणी फिरू शकत नाही. हे त्या मुलीला कुठून ठाऊक असणार! पण ती म्हणाली, "ठीक है सर. बयालीस."

दुसऱ्या वेळी फोन केला तेव्हा दुसरीच मुलगी होती. तिला बेचाळीसचं काही माहीत नव्हतं. काकाजींना वाईट वाटलं. "पहिलीनं चार्ज देताना सांगतलं नाही वाटते," ते म्हणाले.

काही दिवसांनी कंपनीचा तपासणी करणारा साहेब नागपूरहून आला. आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. जाताना मी काकाजींना पढवलं होतं, की विचारतील तेवढंच सांगायचं, फुलांचं आपण होऊन काढायचं नाही.

साहेब तरुण होता, घामानं भिजलेला. त्यानं कारला कॉम्प्युटर लावून बघितला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अंकल जी, लाल बत्ती जलते ही इंजन बंद?"

"और क्या करता?"

"सब लोग तो घर तक चला के लाते हैं."

"लाल में?" काकाजींना खरंच धक्का बसला. "लाल में घर जाते?"

साहेब हसला. मला हायसं वाटलं. आता सगळं नीट होणार, असं वाटत असतानाच काकाजी म्हणाले, "साहब, सामने फूल भी थे. पूरी जाळी झाकली थी. गेंदे के. लिखो."

मी डोळे मिटून घेतले.

साहेबानं फोटो बघितले, मेकॅनिकशी बोलला. मग म्हणाला, की फुलांमुळे हवा कमी झाली असेल, पण एवढ्या सावकाश चालीत सगळा भार पंख्यावरच असतो. पंखा चालू असता, तर इतकं झालं नसतं. दोष मोटरचाच. मी डोळे उघडले. पण साहेब आता कारच्या मागच्या काचेकडे बघत होता. तिथं नवरा-नवरीची नावं चिकटवली होती, आणि त्यांच्या खाली आधीच्या कितीतरी लग्नांच्या नावांचे डिंकाचे डाग.

"अंकल, ये गाडी कितनी शादियों में गई है?"

"गिना नहीं साहब," काकाजी अभिमानानं म्हणाले. "सीझन में तो छुट्टी ही नहीं मिलती."

"मतलब किराये पे चलाते हो."

"किराया? नहीं नहीं! फोकट."

"फोकट में कौन देता है, अंकल?"

साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "उस दिन के दूल्हे से मेरी बात करा दो. वो बोल दे कि किराया नहीं लिया, तो मैं पास कर दूँगा. नहीं तो मेरे हाथ में कुछ नहीं."

मला वाटलं, सुटलो. नवरदेव दोन गल्ल्यांवर राहतो, संध्याकाळीच जाऊ. पण घरी आल्यावर काकाजी म्हणाले, "जाऊ दे भंगारात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या लग्नापासून काकाजी त्या गल्लीनं गेलेच नव्हते. दूध आणायलाही मोठा फेरा घालून जायचे. काकींनी खूप समजावलं, मग चिडल्या. "कुत्रं चावते काय तिकडं?" काकाजी ओट्यावर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच बसले. बऱ्याच वेळानं तेच बोलायला लागले.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. फाटक बंद होतं आणि पलीकडे एक वरात येऊन थांबली. मालगाडी यायची होती, ती येईना. नवरदेवाचा बाप आला, हात जोडले. मग डोक्यावरची टोपी काढून काकाजींच्या पायांवर ठेवायला निघाला. काकाजींना फाटक उघडता येत नव्हतं. मालगाडी गेली, तर मागून दुसरी गाडी सोडल्याचा फोन आला. शेवटी फाटक उघडलं तेव्हा वरातीतली माणसं पळत सुटली. नवरदेवही पळत होता. एक बाई जाता जाता म्हणाली, "टळला मुहूर्त. या मानसानं टाळला."

"ते लगन झालं का नाही, कसं झालं, मले मालूम नाही," काकाजी म्हणाले. "कुठली वरात होती तेबी मालूम नाही. म्हून गाडी घेतली, बाई. म्हटलं, आता नवरदेवायले पोचवू. अन् पाह्य, गाडी घेऊनबी तेच केलं. पुन्हा एक थांबवला. आता कोणत्या तोंडानं जाऊन त्याले मागू?"

मला सांत्वन करता येत नाही. मी म्हटलं, "काकाजी, मी येते ना तुमच्यासंगं." त्याहून शहाणं काही सुचलं नाही. काकींनी मात्र चप्पल त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली, खिळ्यावरचा ब्लाउजपीस काढला आणि हलवला. चालत जायचं होतं तरी.

नवरदेवाच्या घरी अंगणात त्याचे वडील बसले होते. काकाजींना बघून ते उठूनच उभे राहिले.

"अरे काकाजी! कुठं गायब झाले जी तुमी? तुमचा टोपी-दुपट्टा पडून हाये घरात!"

नवरदेवाची आई बाहेर आली. ती तोंडाची फटकळ. "आमच्या पोट्ट्याचे कान दोन दिवस वाजून राहिले होते, धुमालवर बसून. आईच्या आवाजालेबी 'ऑ, ऑ' करत होता."

नवरदेव लाजून हसला. काकाजी हसले नाहीत. ते उभेच होते. "माह्यानं मुहूर्त टळला," ते म्हणाले. "माफ करजा."

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली नवी सून खुदकन हसली. सासू वळली. "हसाले काय झालं वं?"

"काही नाही जी."

"सांग ना!"

सुनेनं सासऱ्याकडे, म्हणजे तिच्या मामाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिच्याच वयाची, म्हणून असेल. ती माझ्याकडेच बघत बोलली. "मामाजी रागावतीन. पन... त्या दिवशी मेकअपवालीच आली नव्हती. तिची स्कूटी रस्त्यात बंद पडली. आली तवा धुमाल देवळापाशी वाजून राहिला होता. माहा एकच डोळा झाला होता."

"एक डोळा?" सासू म्हणाली.

"एकाले काजळ, एक कोरा. केसबी मोकळे. मी आरशासमोर बसून महादेवाले हात जोडून राहिली होती, की देवा, वरात थांबव. आन् खरंच थांबली! आई म्हने, कोनाची तरी गाडी बंद पडली. मी म्हटलं, देव पावला."

सासरे थक्क झाले होते. "आन् तुहा बाप? तुहा बाप मांडवात मले म्हने, तुमच्यानं उशीर झाला! येवढ्या पाहुन्यायसमोर! मी मान खाली घालून आयकून घेतलं!"

"बाबाले मालूम नव्हतं जी. आमी बायकायनं सांगतलंच नाही."

"आता बोलावतोच याहीले, तुह्या बापाले, जेवाले," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. सासू पदर तोंडाला लावून हसत होती. काकाजी मात्र सुनेकडे टक लावून बघत होते.

"म्हंजे लाल दिवा तू लावला काय, बाई?"

"हो जी," ती म्हणाली.

तेव्हा काकाजी खाली बसले आणि त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुर्र आवाज करत, दोनदा मागून घेतला.

नवरदेवानं तिथूनच साहेबाला फोन लावला. किराया घेतला नाही, उलट काकाजींनीच आहेर केला, हे त्यानं सांगितलं. मग आपण होऊन पुढेही सांगितलं, की सगळी वरात ओरडत होती तरी या माणसानं गाडी एक वीतभर हलवली नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा राग होता, त्यामुळे ते अगदी खरं वाटलं असणार.

घरी परतताना काकाजी त्याच गल्लीतून, सावकाश चालत आले. मध्येच थांबले. "बाई," ते मला म्हणाले, "त्या मालगाडीच्या दिवशीच्या नवरीचीबी साडी नेसून झाली नसंल, असं होऊ शकते काय?"

"होऊ शकते ना काकाजी," मी म्हटलं.

"होऊ शकते," ते म्हणाले आणि इतके मोठ्यानं हसले, की पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली.

क्लेम मंजूर झाला. ऑइल, पाणी आणि असल्या किरकोळ वस्तू आम्हाला भराव्या लागल्या, पण इंजिन कंपनीनं करून दिलं. कार परत आली तेव्हा पावसाळा लागला होता. धानाच्या रोवणीचे दिवस होते, लग्नं नव्हती. काकाजी कार पुसायचे, कोंबड्यांसाठी थांबायचे, सगळं पूर्वीसारखं. कार नवरदेवाला पुन्हा देणार का, हे त्यांना विचारायचं धाडस कोणीच करत नव्हतं. काकीसुद्धा नाही.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि एका सकाळी वस्तीच्या पलीकडचे एक शेतकरी गृहस्थ आले. मुलाचं लग्न ठरलं होतं. ते अंगणात उभे राहून टोपीशी चाळा करत होते. मी खिडकीत अभ्यास करत बसले होते, आणि खरं सांगायचं तर पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

"गाडी पाहिजे होती जी काकाजी. पोराच्या लगनाले."

काकाजी कारचं बॉनेट पुसत होते. पुसतच राहिले.

"समोरच्या जाळीले फूल लावाचं नाही," ते शेवटी म्हणाले. "डोक्यावर लावा, मांगं लावा. समोर नाही."

"नाही लावत जी."

"आनखी एक. नवरीकडच्या मेकअपवालीचा नंबर पाहिजे."

त्या गृहस्थांना आपण बरोबर ऐकलं की नाही, ते कळेना. "मुहूर्ताचा टाइम सांगू काय जी? पत्रिका आनली हाये."

"मुहूर्त राहू द्या तुमच्यापाशी. नंबर आना."

त्यांनी आणला. कुठून आणि काय सांगून आणला, ते त्यांनाच ठाऊक. लग्नाच्या दिवशी मी काकींसोबत वरातीत होते. जानोशाच्या, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं त्या घराच्या दारात धुमाल वाजायला लागला. नवरदेव कारमध्ये बसला, मामा घाई करायला लागला. काकाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, मोबाइल कानाला लावला आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाले,

"हॅलो, बाई? मी नवरदेवाची गाडी बोलून राहिलो. तिकडं किती डोळे झाले?"